हिशेब कुठल्या बाळाचा? (रोटाव्हायरसच्या लसीवरील पुस्तकाची प्रस्तावना)

सात-आठ महिन्यांच्या बाळाला जुलाब लागले की घरातलं एखादं मोठं माणूस हमखास म्हणतं, 'दात येतायत, होतात जुलाब.' ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती निरीक्षणातूनच आलेली आहे. दात येण्याचं वय आणि रोटाव्हायरसने गाठण्याचं वय जवळजवळ एकच, सहा महिने ते दोन वर्षं. मूल रांगू लागलेलं असतं, हाताला लागेल ते तोंडात घालत असतं आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत आलेली असते. १९७३ साली मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांना त्यात हा विषाणू दिसला. तोवर लहान मुलांच्या बहुतेक जुलाबांचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं.

रोटाची सुरुवात बहुधा उलट्यांनी होते. ताप येतो, मग पाण्यासारखी शी सुरू होते, दिवसातून दहा वेळा, कधी वीस वेळा. आई चमच्याचमच्याने ओआरएस पाजते आणि पाजलेलं उलटून पडतं. थंडीच्या दिवसांत मुलांच्या वॉर्डात अशी बाळं एकामागून एक येतात. टाळू खोल गेलेली, डोळे आत ओढलेले, रडताना डोळ्यांत पाणी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट होत नाही, घडी तशीच राहते आणि सावकाश खाली बसते. मग सलाइन लावायचं ठरतं आणि शीर सापडत नाही. हातावर नाही, पायावर नाही, शेवटी डोक्यावरचे केस काढून तिथे शोधायची. हे करणारे हात सरावलेले असतील आणि बाळ वेळेत आलेलं असेल, तर दोन दिवसांत ते हसतं. धडगावसारख्या दुर्गम भागातल्या एखाद्या पाड्यावरून निघालेलं बाळ वाटेतच थकतं.

या विषाणूची गोष्ट कॉलऱ्यासारखी नाही. शुद्ध पाणी, संडास, हात धुणं यांनी पटकी हटली, रोटा तेवढ्याने हटला नाही. श्रीमंत देशांतल्या निर्जंतुक घरांतही तो पोचत होताच. लस येण्यापूर्वी जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत तो एकदा तरी गाठायचा. फरक होता तो कोण जगतं आणि कोण दगावतं यात. लसीच्या आधीच्या काळासाठी केलेला अंदाज असा की भारतात दर वर्षी पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं रोटाने मरत होती आणि आठ लाखांहून जास्त मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागत होतं. अमेरिकेत वर्षाला साधारण ५५ ते ७० हजार मुलं दाखल होत आणि मृत्यू वीस ते साठ. दोन्ही देशांतले हे मृत्यूंचे आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत. पुढचं सगळं पुस्तक त्यांच्यातल्या अंतराविषयी आहे.

लसीची जोखीमही तितक्याच जवळून पाहायला हवी. इंटससेप्शन नावाचा एक विकार आहे. सदऱ्याची बाही उलटी होऊन आत ओढली जावी तसा आतड्याचा एक भाग शेजारच्या भागात शिरतो आणि अडकतो. बाळ अचानक किंचाळून रडतं, पाय पोटाशी घेतं, काही मिनिटांनी शांत होतं, पांढरंफटक पडतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा किंचाळतं. उलट्या होतात, पुढे शीतून रक्त आणि चिकट आव येते, लाल जेलीसारखी. लवकर कळलं तर सोनोग्राफी करून, गुदद्वारातून हवा किंवा सलाइन दाबाने सोडून आतडं मोकळं करता येतं, चिरफाड लागत नाही. उशीर झाला तर रक्तपुरवठा तुटलेला भाग कापून काढावा लागतो आणि त्याहून उशीर झाला तर बाळ जातं. हा विकार लस न घेतलेल्या मुलांनाही होतो आणि तोही नेमका चार ते आठ महिन्यांच्या आसपास. त्यामुळे लसीने किती झाला आणि एरवीही झाला असता तो किती, हे वेगळं काढणं फार अवघड होतं.

रोटाशील ही पहिली लस अमेरिकेत ३१ ऑगस्ट १९९८ रोजी मंजूर झाली. मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांत लस घेतलेल्या १०,०५४ बाळांपैकी पाच जणांना इंटससेप्शन झालं होतं आणि न घेतलेल्या ४,६३३ पैकी एकाला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक योगायोगही असू शकत होता, पण तपासणाऱ्यांनी तो नोंदवून ठेवला आणि माहितीपत्रकात छापला. त्या एका नोंदीचं मोल पुढच्या वर्षी कळलं. जुलै १९९९ पर्यंत लसीनंतरच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय नोंदवहीत इंटससेप्शनच्या पंधरा घटना आल्या, बहुतेक पहिल्या डोसानंतरच्या आठवडाभरातल्या. सरकारी यंत्रणेने लस थांबवायला सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. जोखीम साधारण दहा हजार बाळांमागे एक असल्याचं पुढे बहुतेक तज्ज्ञांनी मान्य केलं.

अमेरिकेने केलं ते अमेरिकेपुरतं मला समजतं. तिथे रोटाने मरणारं मूल लाखात एखादं, आणि लसीने दहा हजारांत एकाच्या आतड्याला इजा. निरोगी बाळाला सरकारच्या शिफारशीने काही द्यायचं आणि त्यातून त्याच्यावर शस्त्रक्रियेची वेळ यायची, हे तिथल्या पालकांनी का सोसावं? पण निर्णय अमेरिकेपुरता राहिला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांची बैठक बोलावली. जगात दर वर्षी चार लाखांहून अधिक मुलं रोटाने मरत होती आणि जवळजवळ सगळी गरीब देशांतली. प्रश्न असा होता की तिथे ही लस वापरावी का. गरीब देशांच्या प्रतिनिधींनीच सांगितलं की अमेरिकेने नाकारलेली लस आम्ही आमच्या मुलांना देऊ शकत नाही. त्यांना दोष देणं सोपं आहे. स्वतःच्या देशात परत जाऊन, 'तिकडे धोकादायक ठरली, इकडे चालेल' असं लोकांसमोर कोण म्हणू शकला असता? तसं म्हणणाऱ्याला गरिबांच्या जिवाची किंमत कमी लावणारा ठरवलं गेलं असतं. प्रत्यक्षात नकारानेच ती कमी लागली.

इथे थोडं गणित करतो. दहा हजार अमेरिकी बाळं घ्या. त्यांत रोटाने पाच वर्षांत मरणारं जवळजवळ कोणी नाही आणि रोटाशीलने इंटससेप्शन होणारं एक. आता दहा हजार भारतीय बाळं घ्या. वर्षाला सुमारे पावणेतीन कोटी जन्म आणि ७८ हजार मृत्यू धरले तर या दहा हजारांतली सुमारे अठ्ठावीस-एकोणतीस मुलं रोटाने जाणार होती. लस निम्मीच उपयोगी पडली असं धरलं तरी चौदा वाचतात. समोर इंटससेप्शनचं एक बाळ, ज्याच्यावर उपचार होऊ शकतात. गणित ढोबळ आहे आणि ते मी करतो आहे, कोणा समितीने नव्हे. त्यातले आकडे कोणी निम्मे केले तरी निष्कर्ष पालटत नाही. औषध तेच, थेंब तेच, जोखीमही तीच, तरी एका देशात ते नाकारणं शहाणपणाचं आणि दुसऱ्या देशात घातक. लस सुरक्षित आहे का, हा प्रश्न म्हणूनच मला अपुरा वाटतो. कुठल्या बाळासाठी, कुठल्या गावात, कुठल्या वयात, असं विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

मात्र या गणितात एक खोट आहे आणि ती लपवून पुढे जाणं मला मान्य नाही. जिथे जुलाबाने मूल मरतं तिथे इंटससेप्शननेही मरतं. सोनोग्राफी करणारा नाही, भूल देणारा नाही, मुलांचा सर्जन शंभर किलोमीटरवर. अमेरिकेत शस्त्रक्रियेचा व्रण घेऊन वाढलं असतं ते बाळ दुर्गम भागात जगेलच असं नाही. म्हणजे गरीब गावात फायदा मोठा होतो तशी जोखीमही जड होते. शिवाय सर्वांत जास्त धोक्यात असलेलं मूल लसीकरणाच्या सत्रालाही पोचत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं, वीटभट्टीवरचं बाळ घ्या. वाचणाऱ्या चौदांत ते असेलच असं नाही. सरासरीचे आकडे ही विषमता झाकतात. तरीही मी लसीच्या बाजूने आहे, कारण ही सगळी वजाबाकी करूनही वाचणारी मुलं दगावणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त उरतात.

नंतरच्या दोन लसी, रोटारिक्स आणि रोटाटेक, या धड्यातून आल्या. दहा हजारांत एकदा घडणारी गोष्ट दहा हजार मुलांच्या चाचणीत दिसत नाही, म्हणून प्रत्येकीची चाचणी साठ हजारांहून अधिक बाळांवर झाली. २००६ साली निकाल आले, इंटससेप्शन वाढलेलं दिसलं नाही. तरी नजर ठेवणं सुरूच राहिलं आणि लाखो मुलांना लस मिळाल्यावर लहानशी जोखीम उघड झालीच. मेक्सिको आणि ब्राझीलमधला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मेक्सिकोत सुमारे ५१ हजार बाळांमागे एक आणि ब्राझीलमध्ये सुमारे ६८ हजारांमागे एक जादा इंटससेप्शन. दोन्ही देश मिळून वर्षाला ९६ जादा घटना आणि पाच मृत्यू. उलट बाजूला वर्षाला सुमारे ८० हजार मुलांचं रुग्णालयात जाणं टळलं आणि १,३०० मृत्यू टळले.

त्या पाच बाळांच्या आईबापांना आपलं मूल कशाने गेलं हे सांगता येईल. तेराशे घरांना आपलं मूल वाचलं हे कधीच कळणार नाही. त्यांच्याकडे ते मूल शाळेत जातं, पडतं, भांडतं, आणि लसीचं नाव कोणी काढत नाही. लसीविरुद्ध बोलणाऱ्यांकडे चेहरे असतात आणि लसीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे आकडे. यावर उपाय म्हणून चेहरे खोटे ठरवू नयेत. ज्या समाजाने तेराशेंसाठी पाचांना धोक्यात घातलं त्याच्यावर त्या पाचांचं ऋण आहे. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून लसीने इजा झालेल्या मुलांसाठी भरपाईची व्यवस्था उभारली. कोर्टात चूक कोणाची हे सिद्ध करत बसावं लागू नये, हा तिचा गाभा. सक्षम, सुटसुटीत आणि दोष सिद्ध करायला न लावणारी अशी व्यवस्था आपल्याकडेही असली पाहिजे, हे मी या पुस्तकात एकाहून अधिक ठिकाणी म्हटलं आहे.

हिशेब बदलतो त्याचं आणखी एक उदाहरण वयाच्या अटीचं. इंटससेप्शन वाढत्या वयात अधिक होतं म्हणून पहिला डोस पंधरा आठवड्यांच्या आत द्यायचा अशी जगभर अट होती. गरीब देशांत मुलं सत्राला उशिरा येतात. आई माहेरी असते, रस्ता पावसाने बंद असतो, बाळ आजारी असतं. अशी मुलं या अटीमुळे लसीवाचून राहत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाने दाखवलं की अट काढली तर अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत इंटससेप्शनने २९४ मृत्यू वाढतील आणि रोटाने होणारे ४७,२०० मृत्यू टळतील. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने अट सैल केली. अमेरिकेने ती ठेवली. दोघांचंही बरोबर आहे.

आता आपली लस. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या कक्षात रोटाव्हायरस पसरला, पण बाळांना जुलाब मात्र झाले नाहीत. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बाळं नजरेखाली ठेवली. पुढे त्यांना रोटाच्या तीव्र जुलाबांपासून संरक्षण मिळाल्याचं दिसलं. त्या विषाणूला ११६-ई नाव पडलं आणि त्यातून जवळपास तीस वर्षांच्या कामानंतर हैदराबादच्या भारत बायोटेकची रोटाव्हॅक तयार झाली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे या तीन ठिकाणी ६,७९९ बाळांवर झाली. पुण्याचं केंद्र होतं के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं, शहराबाहेर वढूच्या ग्रामीण भागात. तिथल्या ज्या आयांनी आपली तान्ही मुलं चाचणीत दिली, त्यांच्याविषयी मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, याची खंत वाटते. मार्च २०१६ पासून लस सरकारी कार्यक्रमात येऊ लागली, आधी ओडिशा, आंध्र, हरियाणा, हिमाचलमध्ये, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासील हीही याच काळात आली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसांबरोबर रोटाची लस तोंडावाटे दिली जाते.

रोटाव्हॅकची परिणामकारकता पहिल्या वर्षात ५३.६ टक्के भरली. युरोपात रोटारिक्स आणि रोटाटेक ९० टक्क्यांच्या आसपास चालतात. निम्मी उपयोगी लस कशाला, असं सुशिक्षित पालक विचारतात आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. आपल्याकडच्या बाळांच्या आतड्यात आधीच इतर जंतूंची गर्दी असते, कुपोषण असतं, आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाच अडवतात. टक्का खाली येण्याची ही काही कारणं. पण टक्क्याने सगळं कळत नाही. दक्षिण आफ्रिका आणि मलावी इथे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लसीची परिणामकारकता अनुक्रमे ७६.९ आणि ४९.४ टक्के निघाली. तरी दर शंभर बाळांमागे तीव्र जुलाबाच्या किती घटना टळल्या हे पाहिलं, तर दक्षिण आफ्रिकेत ४.२ आणि मलावीत ६.७. आजार जिथे जास्त, तिथे कमी टक्क्यांची लसही जास्त मुलांना वाचवते.

रोटाव्हॅकच्या चाचणीत लस घेतलेल्या ४,५३२ बाळांत सहा आणि प्लासिबो (लस नसलेला डोस) घेतलेल्या २,२६७ बाळांत दोन इंटससेप्शनच्या घटना पहिल्या निकालात नोंदल्या गेल्या, सगळ्या तिसऱ्या डोसानंतरच्या. वेल्लोरच्या केंद्राचे वेगळे आकडे काय दिसतात, हे काही बालरोगतज्ज्ञांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी विचारलं. प्रत्येक केंद्राचे आकडे स्वतंत्रपणे जाहीर करा, अशी मागणी दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली. एका केंद्राच्या थोड्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही, ही शास्त्रज्ञांची बाजू. ती संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरी आहे. तरीही माझं मत असं की आकडे खुले असावेत. लोकांच्या पैशावर, लोकांच्या मुलांवर झालेल्या चाचणीत 'तुम्हाला यातलं कळणार नाही' हे उत्तर चालत नाही. रोटाशीलच्या वेळी ते पाच आणि एक आकडे छापलेले होते म्हणूनच पुढे कोणीतरी सावध राहिलं. भारतात लस आल्यावर दहा राज्यांतल्या रुग्णालयांत इंटससेप्शनच्या बाळांची नोंद ठेवून अभ्यास केला गेला आणि २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत डोसानंतरच्या दिवसांत धोका वाढलेला आढळला नाही. सुरक्षिततेचा पुरावा असा, वापर सुरू झाल्यावर जमवलेला असतो. तो जमवणं कधी थांबू नये.

पुस्तकाच्या पहिल्या भागात आजार आहे, दुसऱ्यात लसींचा इतिहास, तिसऱ्यात हे हिशेब विस्ताराने. शेवटचा भाग आशाताई आणि सिस्टर यांच्यासाठी आहे आणि माझ्या लेखी तोच महत्त्वाचा. सत्राच्या दिवशी अंगणवाडीत चाळीस बाळं रांगेत असतात. पेंटाचं इंजेक्शन, पोलिओचे थेंब, रोटाचा डोस, कार्डावर तारीख, ताप आला तर ही गोळी अर्धी द्या. इंटससेप्शनचं नाव तिथे निघत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, 'सांगितलं की आया घाबरतात, पुढच्या महिन्यात येत नाहीत.' ही भीती पोकळ नाही. एका अफवेने अख्खी वस्ती सत्राकडे फिरकेनाशी होते, हे या बायांनी स्वतः सोसलेलं असतं, घरोघर जाऊन पुन्हा समजूत घालणं त्यांच्याच वाट्याला येतं.

पण इथे सांगणं आणि वाचवणं एकच आहे. पहिल्या दिवशी आलेल्या बाळाचं आतडं बहुधा चिरफाडीवाचून मोकळं होतं, तिसऱ्या दिवशी आलेल्याचं कापावं लागतं. लसीची जोखीम किती हे शास्त्रज्ञांच्या हातात आहे, तिचा शेवट कसा होणार हे मात्र पुष्कळसं आईला काय ठाऊक आहे यावर ठरतं. त्यासाठी आईला लाखात किती हे सांगायची गरज नाही. डोस दिल्यावर सिस्टरने तिच्याकडे पाहून एवढंच म्हणावं: 'ताई, हा जुलाबाचा डोस आहे. यानंतर आठवड्याभरात, किंवा एरवी कधीही, बाळ थांबून थांबून किंचाळायला लागलं, पोट फुगलं, उलट्या झाल्या किंवा शीत रक्त दिसलं, तर दात येतायत म्हणून घरी बसू नका. घरगुती गुटी देऊ नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या आणि रोटाचा डोस कधी दिला ते कार्ड दाखवा.' बोलायला अर्धं मिनिट लागतं. चाळीस बाळांची वीस मिनिटं. ती वीस मिनिटं सिस्टरला मिळावीत म्हणून सत्राला आणखी एक माणूस द्यावं लागेल, आणि ते देणं जिल्हा परिषदेला परवडतं.